चार विद्यापीठं, एक संशोधन-प्रस्ताव: लिहायला बसण्याआधी काय ठरवून घ्यावं?

मृण्मयी

नमस्कार मंडळी.

मी युरोपातल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे. विषय सूक्ष्मजीवशास्त्र, त्यातही सांडपाण्यातून पसरणारा प्रतिजैविकरोध, म्हणजे जिवाणूंनी प्रतिजैविक औषधांना दाद न देणं. होरायझन युरोप या युरोपियन युनियनच्या संशोधन-निधी कार्यक्रमाच्या एका कॉलसाठी (प्रस्ताव मागवणाऱ्या घोषणेसाठी) आम्ही चार विद्यापीठं मिळून प्रस्ताव देणार आहोत. तीन युरोपियन युनियनमधल्या तीन वेगवेगळ्या देशांतली आणि चौथं भारतातलं. आमचे प्राध्यापक समन्वयक आहेत, पण प्रत्यक्ष जुळवाजुळव माझ्याकडे आहे. मी ती स्वतःहून मागून घेतली, कारण या विषयावर एकट्या प्रयोगशाळेने काम करून काही कळणार नाही असं मला ठामपणे वाटतं.

कल्पना अशी: रुग्णालयाच्या गटारापासून शुद्धीकरण केंद्रापर्यंत आणि तिथून पुढे नदीत, रोधक जनुकं (जिवाणूंना हा रोध देणारी जनुकं) कुठे घटतात आणि कुठे वाढतात, हे चारही ठिकाणी एकाच पद्धतीने मोजायचं. चौघांची ऑनलाइन बैठक झाली. सगळे उत्साहात होते. शेवटी ठरलं की प्रत्येकाने आपापलं वर्क पॅकेज (प्रस्तावातला कामाचा एक गट) लिहून पाठवायचं आणि मी ती जोडायची.

तीन मसुदे आलेत. सुटे वाचले तर तिन्ही चांगले आहेत, पण एकाचा दुसऱ्याशी ताळमेळ नाही. एकाने नमुने दर पंधरवड्याला धरलेत, दुसऱ्याने तिमाहीला. जनुकांचा सगळा डेटा आपल्याकडेच राहणार असं दोघांनी गृहीत धरलंय. सांख्यिकी कोण करणार हे कुणीच लिहिलेलं नाही. आणि बजेटचा विषय निघाला की सगळे गप्प.

डेडलाइनला अजून बरेच महिने आहेत. आता मी नेमकी सुरुवात कुठून करू? मसुदे दुरुस्त करायला परत पाठवू, की मीच बसून सगळं नव्याने लिहू? ज्यांनी असे प्रस्ताव केलेत त्यांनी कृपया सांगा.

---

वैदेही

मृण्मयी, असे प्रस्ताव उभे करून देणं हे माझं रोजचं काम आहे आणि दुसऱ्या बाजूला बसून परीक्षणही केलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही करू नकोस. मसुदे परत पाठवलेस तर थोड्या फरकाने तेच परत येतील. तू एकटीने लिहिलंस तर तो तुझा प्रस्ताव होईल आणि बाकीचे त्यावर नुसती सही करतील. त्या तिघांनी कामात कुचराई केलेली नाही. आपल्याला दुसऱ्याकडून काय मिळणार आहे हे माहीत नसताना त्यांना लिहायला बसवलं गेलं, एवढंच.

आधी एक तक्ता कर. एका ओळीत एकच देवाणघेवाण: कोण, कुणाला, काय देणार, कितव्या महिन्यात, कोणत्या स्वरूपात, आणि ते वेळेत मिळालं नाही तर समोरच्याचं कुठलं काम अडेल. त्यात पैसा आणू नकोस, वर्क पॅकेजचे क्रमांक नकोत आणि मोठमोठी उद्दिष्टंही नकोत.

तुझ्याच विषयावरून दाखवते. एक ओळ समजा अशी आहे: "ब हा अ ला शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या २४ तासांच्या मिश्र नमुन्यांतून काढलेला डीएनए देईल, सहाव्या महिन्यापासून, उणे ८० अंशांवर साठवून." एवढं लिहायला घेतलं की प्रश्न आपोआप पडायला लागतात. २४ तासांच्या मिश्र नमुन्यासाठी ऑटोसॅम्पलर (ठरावीक वेळाने आपोआप पाणी घेणारं यंत्र) लागतो, तो चारही ठिकाणी आहे का? की कुणी एक जण सकाळी जाऊन बाटली भरून आणणार? पाणी किती मिलिलिटर गाळायचं? डीएनए काढायचं किट सगळ्यांचं एकच ना? किट बदललं की कुठल्या जिवाणूच्या पेशी किती फुटतात तेही बदलतं, आणि मग दोन ठिकाणच्या आकड्यांतला फरक पाण्यामुळे आला की किटमुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. सल१ आणि इंटआय१ ही रोधाशी संबंधित जनुकं सगळेच मोजणार असतील, पण आकडा दर मिलिलिटरला द्यायचा की १६एस या सगळ्याच जिवाणूंत असणाऱ्या जनुकाच्या प्रमाणात? चौघांनी चार तऱ्हेने दिला तर "एकाच पद्धतीने मोजू" हा तुमचा मूळ दावाच कोसळतो.

तुझा पंधरवडा-तिमाहीचा घोळसुद्धा इथेच सुटेल. बैठकीत त्यावर बोलायला गेलं तर जो तो आपल्या सोयीचं बोलेल. तक्त्यात मात्र सांख्यिकी करणारा सांगेल की हंगामाचा परिणाम वेगळा काढायला त्याला किती वेळांचे आणि किती ठिकाणांचे नमुने लागतील. तो माणूसच नाही म्हणतेस, तर सगळं सोडून आधी तो शोध. चौघांच्या विद्यापीठांत कुणी ना कुणी असेलच.

तक्ता भरताना प्रत्येकाशी वेगवेगळं बोल, अर्धा-पाऊण तास. चौघं एकत्र असताना कुणी म्हणत नाही की आमचं मशीन बंद आहे, किंवा हे काम करणारी पीएचडीची मुलगी लवकरच जाणार आहे. एकट्याला विचारलं की सांगतात, आणि मोकळेपणाने सांगतात.

मग पूर्ण तक्त्याकडे नीट बघ. एखाद्याच्या नावावर नुसतं घेणं आहे आणि देणं काहीच नाही, तर तो या प्रस्तावात कशासाठी आहे? एखाद्याच्या एका ओळीवर बाकी तिघं लटकलेत, तर जोखीम तिथे आहे आणि तिथेच पर्याय लिहायला हवा. परीक्षक नेमकं त्या जागी बोट ठेवतात. होरायझनला तीन निकष असतात: उत्कृष्टता, परिणाम, आणि अंमलबजावणीची गुणवत्ता. प्रत्येकी ५ गुण. साधारणपणे प्रत्येकात निदान ३ आणि एकूण १५ पैकी १० लागतात. पण १० मिळाले म्हणजे पैसे मिळाले असं नव्हे. गुणानुक्रमे निधी पुरेल तिथपर्यंतच यादी जाते, त्यामुळे अर्धा गुणही महाग पडतो. सुंदर कल्पनेचे प्रस्ताव मी तिसऱ्या निकषात घसरताना पाहिलेत आणि दर वेळी फार वाईट वाटतं, कारण विज्ञानात काही कमी नसतं. कोण कुणावर अवलंबून आहे तेवढं लिहायचं राहिलेलं असतं.

वर्क पॅकेज त्यानंतर पाड. एक विद्यापीठ म्हणजे एक वर्क पॅकेज ही वाटणी मोडून टाक. नमुने आणि पद्धतींचं एक, मोजणीचं एक, विश्लेषणाचं एक, अशी कामाप्रमाणे पाड आणि प्रत्येकात दोन-तीन भागीदार येऊ देत. जबाबदार प्रमुख मात्र एकच हवा.

---

केदार

वैदेहींनी लिहिलंय त्याच्याशी पूर्ण सहमत. मी भारतातल्या बाजूबद्दल लिहितो, कारण तो भाग शेवटच्या पंधरवड्यात आठवतो आणि तेव्हा हाती काही उरत नाही.

होरायझन युरोपच्या नियमांत किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था लागतात. त्यातली एक तरी युरोपियन युनियनच्या सदस्य देशातली, बाकीच्या सदस्य किंवा संलग्न (करार करून या कार्यक्रमात सामील झालेल्या) देशांतल्या. तुमच्या तीन संस्थांवर ही अट पूर्ण होते, भारतातलं विद्यापीठ त्यात मोजलं जात नाही. ज्या देशांना तिथला निधी आपोआप मिळतो त्यांच्या यादीतही भारत नाही. कॉलच्या मजकुरात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर भारतातला भागीदार बहुधा "असोसिएटेड पार्टनर" म्हणून येतो, म्हणजे काम करायचं पण पैसे आपले आणायचे. आधीच्या होरायझन २०२० मध्ये पाणी आणि इन्फ्लुएन्झाची लस या विषयांच्या कॉलमध्ये भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने बरोबरीने निधी दिला होता. तुमच्या कॉलला तशी सोय आहे का ते आधी बघा. नसेल तर त्या प्राध्यापकांना आजच स्पष्ट विचारा: माणसाचा पगार, किट, सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) हे कुठून येणार?

दुसरी गोष्ट परवानग्यांची. सांडपाण्यातले जिवाणूही जैविक संसाधनच धरले जातात. जैविक विविधता कायदा, २००२ च्या व्याख्येत सूक्ष्मजीव येतात. कलम ५ मध्ये सहयोगी संशोधन प्रकल्पांना सवलत आहे, पण प्रकल्प केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसायला हवा आणि त्याला मान्यता हवी. शिवाय जैविक संसाधनं वापरण्याची परवानगी आणि त्यांच्या लाभाची वाटणी यांबद्दलचा, २०१४ पासून लागू झालेला नागोया करार आहे, त्यामुळे घेणाऱ्या देशातही तुम्हाला कागद दाखवावे लागतात. रुग्णांचे नमुने किंवा माहिती येणार असेल तर आयसीएमआरकडच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडच्या) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागेल. विद्यापीठांमधला मटेरियल ट्रान्सफर करार, म्हणजे नमुने देण्याघेण्याचा करार, वेगळाच.

याला महिने लागतात. म्हणून तक्त्यातली भारताची ओळ "डीएनए पाठवेल" अशी लिहिण्याआधी विचारा की डीएनए काढणं, क्यूपीसीआर (जनुकांची संख्या मोजायची चाचणी) आणि सिक्वेन्सिंग तिथेच करून डेटा दिला तर चालेल का. डेटा आणि निष्कर्ष देण्यालाही नियम आहेत, ते त्यांच्या विद्यापीठाकडून तपासून घ्या, पण पार्सल अडकलं म्हणून वर्षभराचं काम तरी थांबणार नाही. चारही प्रयोगशाळांचे आकडे जुळतात की नाही हे पाहायला एकच प्रमाणित डीएनए सगळ्यांना वाटून आधी एक समांतर चाचणी घेता येईल.

आणि एक मनापासून सांगतो. भारतातला भागीदार म्हणजे नमुने पुरवणारा, असं प्रस्तावात दिसू देऊ नका. माझ्या जवळच्या एका सहकाऱ्याने एका परदेशी प्रकल्पासाठी पावसाळ्यात नाल्यांवर उभं राहून नमुने गोळा केले आणि शोधनिबंधात त्याचं नाव आभारांच्या ओळीत आलं. त्याने पुन्हा कुणाबरोबर काम केलं नाही. निदान एका वर्क पॅकेजचं सहनेतृत्व तरी तिकडे द्या. परीक्षकांनाही ते पटतं.

---

मृण्मयी

वैदेहीताई, केदारसर, खूप आभार. तुमचे प्रतिसाद आमच्या प्राध्यापकांनाही समजावून सांगितले.

दोन भागीदारांशी स्वतंत्र बोलले. ऑटोसॅम्पलर एकीकडे आहे, दुसरीकडे शुद्धीकरण केंद्राच्या परवानगीवर अवलंबून आहे. तेही लेखी घ्यावं लागेल. सांख्यिकीसाठी तिसऱ्या भागीदाराच्या गणित विभागातल्या एक प्राध्यापिका तयार झाल्यात, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला की पावसाच्या दिवशी नमुना घ्यायचा की टाळायचा. आमच्या कुणाच्याच मसुद्यात तो नव्हता!

आता पैशांचं. एका भागीदाराने सुचवलंय की युरोपातल्या तिघांनी सरळ समान वाटे करावेत, म्हणजे वादच नको. आमच्या प्राध्यापकांनाही ते सोपं वाटतंय. मला पटत नाहीये, पण हा विषय काढायचा कसा?

---

वैदेही

समान वाटे घेऊ नका. परीक्षक बजेटच्या तक्त्यात पहिल्यांदा तेच बघतात. काम वेगवेगळं आणि रक्कम सारखी दिसली की कळतं, आधी पैसे वाटले आणि मग काम शोधलं.

पैशांचा विषय तू काढूच नकोस, माणसांचा काढ. तक्त्यातली प्रत्येक ओळ घेऊन विचार: याला कोण लागेल आणि किती महिने? नमुने घ्यायला तंत्रज्ञ, विश्लेषणाला पोस्टडॉक, देखरेखीला प्राध्यापकांचा थोडा वेळ. यातून पर्सन-मंथ (एका माणसाचं एका महिन्याचं काम) निघतात आणि त्यावर कुणी भांडत नाही, कारण काम डोळ्यांसमोर असतं. मग प्रत्येकाने आपापल्या वित्त विभागाकडून त्या पदाचा खरा मासिक खर्च आणायचा. देशादेशांत पगार वेगळे असल्यामुळे सारख्या महिन्यांची रक्कम वेगळी येणार. ते चालतं, फक्त सगळ्यांना आधी सांगून ठेव.

त्यावर प्रवास, उपकरणं, किट वगैरे. अप्रत्यक्ष खर्च होरायझनमध्ये पात्र प्रत्यक्ष खर्चाच्या सरसकट २५ टक्के धरतात, पण उपकंत्राटाची रक्कम त्यातून वगळतात. म्हणून सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेणार असाल तर ती सेवेची खरेदी की उपकंत्राट, हे वित्त विभागाला विचारून घे. आकडा बदलतो.

कॉल लम्प सम (ठोक रकमेच्या) पद्धतीचा आहे का तेही आजच पाहा. तसा असेल तर पावत्या मागत नाहीत, रक्कम वर्क पॅकेज पूर्ण झाल्यावर सुटते. तीन भागीदारांचं मिळून असलेलं पॅकेज एकामुळे अर्धवट राहिलं तर तिघांचाही त्या टप्प्याचा हिस्सा अडतो. अशा वेळी लांबलचक पॅकेज टप्प्यांत तोडून दोन केलेली बरी.

समन्वयाच्या कामाचे महिने विसरू नकोस. अहवाल, बैठका, डेटाची शिस्त हे सगळं शेवटी तुझ्यासारख्याच कुणाच्या तरी डोक्यावर येतं. त्याचे पर्सन-मंथ वेगळ्या पॅकेजमध्ये स्पष्ट दाखव. प्राध्यापकांना संकोच वाटला तर सांग, परीक्षकांना समन्वयासाठी माणूस न दाखवलेला प्रस्तावच जास्त खटकतो.

---

प्रसाद

मी अमेरिकेत आहे, तिथल्या एनआयएचच्या (वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) प्रस्तावांतून दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

एक, "स्पेसिफिक एम्स"चं एक पान. अख्खा प्रस्ताव त्या एका पानावर उभा असतो. तुमच्या कॉलमध्ये मागितलेलं नसलं तरी तसं पान करा आणि चारही भागीदारांकडून शब्दन् शब्द मंजूर करून घ्या. आमच्याकडे प्रश्न, गृहीतक आणि "हे कळलं तर काय बदलेल" यावर त्या पानाच्या वेळीच खरी चर्चा होते. जो भागीदार त्या पानावर काहीच सुचवत नाही, त्याला एकदा फोन करावा.

दोन, एकाहून जास्त प्रमुख संशोधक असले की एनआयएच नेतृत्वाचा आराखडा मागते: निर्णय कोण घेणार, कामाची जबाबदारी कुणाकडे, मतभेद झाले तर काय करायचं. होरायझनमध्ये याचा बराचसा भाग कन्सॉर्शियम करारात (भागीदारांच्या आपसातल्या करारात) जातो आणि त्यासाठी डेस्का नावाचा तयार नमुना युरोपात सर्रास वापरतात. तो करार निधी मंजूर झाल्यावर होतो खरा, पण तीन मुद्दे आत्ताच बोलून घ्या. डेटा कुणाकडे राहणार आणि बाकीच्यांना कधी मिळणार. तुमचे दोन भागीदार आत्ताच तो आपला धरून बसलेत, म्हणून हा पहिला. शोधनिबंधात नावं कशी लावायची, त्यासाठी क्रेडिट नावाच्या पद्धतीतल्या १४ भूमिका घेऊन बसलात तर कुणाचं काम काय हे लगेच दिसतं. तिसरा मुद्दा पीएचडीच्या मुलांचा. प्रकल्पाचा डेटा त्यांना प्रबंधात कधी वापरता येणार, हे न ठरल्यामुळे त्यांचं एकेक वर्ष अडलेलं पाहिलंय. त्यांना बैठकीत बोलायला जागा नसते, म्हणून हे तुम्ही मांडा.

---

मृण्मयी

प्रसाद, पीएचडीचा मुद्दा थेट भिडला, आमच्याकडे दोघी जणी या कामावर असतील.

भारतातल्या सरांशीही बोलणं झालं. निधी नसेल हे त्यांना माहीत होतं. त्यांच्याकडे चालू प्रकल्पातला एक संशोधक आणि क्यूपीसीआर आहे, सिक्वेन्सिंगसाठी ते देशातच अर्ज करणार आहेत. समांतर चाचणीची कल्पना त्यांना इतकी आवडली की ते पद्धतींच्या पॅकेजचं सहनेतृत्व घ्यायला तयार झाले.

शेवटचं विचारते. सादर करायच्या आठवड्यात घाई होऊ नये म्हणून काय करू?

---

वैदेही

हे छान झालं, मनापासून आनंद झाला.

कागदपत्रं आत्ता मागवायला लाग. प्रत्येक विद्यापीठाचा नऊ अंकी पीआयसी क्रमांक, म्हणजे पोर्टलवरचा संस्थेचा ओळख क्रमांक. युरोपातल्या तिघांकडे लिंग-समानता आराखडा आहे ना, कारण उच्चशिक्षण संस्थांना तो पात्रतेसाठीच लागतो. शुद्धीकरण केंद्राचं पत्र. भारतातल्या विद्यापीठाचं काम आणि खर्च उचलण्याचं पत्र, अधिकृत सहीचं. यातलं काहीच लिहिण्याच्या कौशल्यावर अवलंबून नाही, पण प्रत्येकाला कुणाची तरी सही लागते आणि सही करणारा माणूस नेमका रजेवर असतो.

मजकुरावरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच हात फिरायला हवा. तो हात तुझा. पानांची मर्यादा ओलांडू नका, जास्तीची पानं परीक्षकांना दिसतच नाहीत. सगळं जुळल्यावर दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी वाचायला दे आणि वाचून झाल्यावर फक्त विचार: भागीदार क नसता तर काय अडलं असतं? त्यांना उत्तर देता आलं नाही तर तो भाग पुन्हा लिही.

पोर्टलवर डेडलाइनपर्यंत कितीही वेळा सादर करता येतं, शेवटची आवृत्तीच धरतात. म्हणून एक पूर्ण आवृत्ती निदान आठवडाभर आधी चढवून ठेव. वेळ ब्रसेल्सची असते, बहुतेक कॉलना संध्याकाळी पाचची, आणि भारतातल्या सरांकडे तेव्हा रात्र असते. त्या दिवशी त्यांच्याकडून काही लागेल अशी वेळ ठेवू नकोस.

तक्ता पूर्ण झाला की विद्यापीठांची नावं काढून इथे टाक. ओळ न् ओळ बघून सांगते.

---

केदार

परवानग्यांच्या ओळी मी बघतो. कलम ५ खालची मान्यता त्या सरांच्या विद्यापीठात कोण हाताळतं, तेवढं त्यांना आत्ताच विचारून ठेवा.